राक्षसी प्राण्यांची पॉप-अप पुस्तके : दहा महिन्यांच्या वापरानंतर

पॉप-अप पुस्तकात, म्हणजे पान उघडताच कागदी प्राणी उभा राहतो अशा पुस्तकात, सर्वांत आधी दगा देतो तो मधल्या घडीजवळचा सांधा. मॅमथची सोंड, टेरोसॉर या उडत्या सरीसृपाचे पंख, मेगालोडॉन या नामशेष शार्कचा जबडा हे सगळे मुलांच्या बोटांखाली बरेच टिकते. पण ज्या दोन कागदी जिभांवर (पानाला चिकटवलेल्या पट्ट्यांवर) अख्खा प्राणी उभा असतो, त्या सैल झाल्या की प्राणी तिरका होतो, बंद करताना अडतो आणि मग एकेक भाग फाटत जातो. दहा महिन्यांत झालेली जवळजवळ प्रत्येक दुरुस्ती या एका कारणापाशी येऊन थांबली.

वापरात दोन पुस्तके होती. एक मोठे, सहा जोडपानांचे : प्रत्येक जोडपानावर मध्ये एक भव्य प्राणी आणि कोपऱ्यांत उघडता येणाऱ्या छोट्या पुस्तिका, त्यांतही लहान प्राणी. दुसरे जाड पुठ्ठ्याचे, पाच जोडपानांचे, पानागणिक एकच प्राणी. जून ते मार्च, आठवड्यातून तीन-चार वेळा, चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या हातात. पहिल्या धाटणीचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे रॉबर्ट सबुडा आणि मॅथ्यू राइनहार्ट यांची 'एन्सायक्लोपीडिया प्रीहिस्टोरिका' ही तीन पुस्तकांची मालिका : डायनोसॉर (2005), शार्क आणि सागरी राक्षस (2006), महाकाय पशू (2007). खाली लिहिलेले मात्र कोणत्याही प्रकाशकाच्या अशा पुस्तकाला लागू पडेल, कारण कागद सगळीकडे सारखाच वागतो.

मोठा प्राणी उभा कसा राहतो हे कळले की पुस्तक कसे हाताळायचे ते आपोआप कळते. मुळाशी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची घडी असते. तिचे दोन पाय मधल्या घडीच्या दोन बाजूंना एकेका जिभेने चिकटवलेले असतात. पान उघडले की पाय एकमेकांपासून लांब ओढले जातात आणि घडीचा कणा वर उठतो. प्राणी आणखी उंच हवा असेल तर या घडीच्या अंगावर दुसरी घडी, तिच्यावर तिसरी. धड पहिल्या मजल्यावर, मान दुसऱ्यावर, जबडा तिसऱ्यावर. मुळाशी जीभ एक मिलिमीटर सरकली तरी वरच्या टोकाला ती चूक काही मिलिमीटरची होते. मग पुस्तक मिटल्यावर सुळ्याचे टोक पानाबाहेर डोकावते, आणि कपाटात सरकवताना तेच चुरगळते. टोक बाहेर दिसू लागले तर ते आत कोंबू नये. मुळाशी काहीतरी सुटले आहे असे समजून आधी तिथे पाहावे.

उघडण्याची जागा फार महत्त्वाची. ही पुस्तके 180 अंशांत सपाट उघडण्यासाठी बेतलेली असतात. मांडीवर ठेवले की दोन्ही बाजू खाली झुकतात, कोन 180च्या पुढे जातो आणि ताठ झालेली घडी आणखी ताणली जाते. सांधे सुटण्याचे हे पहिल्या क्रमांकाचे कारण. फरशीवर किंवा पाटावर ठेवावे, दोन्ही हातांनी पान धरून सावकाश उघडावे. मुलांना धप्पकन उघडायला आवडते, प्राणी अंगावर येतो म्हणून. सावकाश उघडले तरी तो अंगावर येतोच, शिवाय जबडा कसा वळतो तेही दिसते.

तरी बहुतेक नुकसान मिटताना होते. आधी कोपऱ्यातल्या छोट्या पुस्तिका मिटवाव्यात, त्यांची झडप आपल्या खाचेत बसली का पाहावे, मगच पान उलटावे. उघडी राहिलेली एक पुस्तिका मोठ्या प्राण्याच्या पायात अडकते आणि दोन्ही फाटतात. अर्ध्यावर अडथळा जाणवला तर जोर न लावता पुन्हा पूर्ण उघडावे. एखादी घडी उलट्या बाजूला मोडली असेल तर बोटाने हलकेच तिच्या जुन्या रेषेवर आणावी. एकदा उलटी दाबली गेली की कागदाला ती घडीही लक्षात राहते आणि पुढच्या वेळी तो तिकडेच वळतो. "आधी पिल्लं झोपवा, मग मोठा प्राणी" एवढे सांगितले की पाच वर्षांचे मूल हा क्रम बिनचूक पाळते.

ओढपट्ट्या आणि फिरत्या चकत्या पावसाळ्यात त्रास देतात. कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो, खाचेतली मोकळीक संपते आणि ओढताना पट्टी दुमडते. जुलै-ऑगस्टमध्ये पट्टी अडली तर ती तशीच सोडावी. पुस्तक दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत ठेवले की बहुधा सुटते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे. सिलिका जेलच्या पुड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा मागच्या बाजूला ठेवाव्यात. पुस्तक आडवे ठेवावे आणि वर काहीही ठेवू नये. उभे ठेवले तर आतल्या कागदाच्या वजनाने पाने पुठ्ठ्यापासून खाली लोंबतात. वर शब्दकोश ठेवला तर घड्या इतक्या दबतात की प्राणी नीट उठत नाही.

आता दुरुस्ती. घरात असतो तो सेलोटेप पहिल्यांदा बाजूला ठेवावा. काही महिन्यांत त्याचा चिकटपणा कडांबाहेर येतो, समोरचा भाग त्याला धरतो, आणि पुढच्या वेळी पान उघडताना छापील रंगासकट निघून येतो. बायंडरची खळ कागदाला चांगली धरते, पण दमट हवेत तिच्यावर बुरशी आणि कसर येते. पांढरा सिंथेटिक गोंद पुरेसा आहे, तोही टूथपिकच्या टोकाने. जिभेवर चकाकी दिसेल इतकाच लावावा, थेंब दिसला तर तो जास्त झाला.

सुटलेली जीभ बसवण्याची एक युक्ती पॉप-अप बनवणारे नेहमी वापरतात. जुन्या गोंदाचा डाग दिसत असेल तर जीभ त्यावर बसवावी. दिसत नसेल तर प्राणी मिटलेल्या अवस्थेत सपाट पाडावा, वर आलेल्या जिभेवर गोंद लावावा आणि पान त्यावर बंद करून दाबावे. जीभ आपल्या जागी आपणच चिकटते, आणि मिटलेल्या अवस्थेत चिकटली असल्यामुळे पुढे मिटताना अडत नाही. उघड्या अवस्थेत अंदाजाने चिकटवलेली जीभ मात्र हमखास अडते. बाजूच्या भागाला गोंद लागू नये म्हणून मध्ये बटर पेपर सरकवावा, अर्धा तास दाबून धरावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडू नये.

घडीच्या रेषेवरच कागद फाटला असेल तर नुसता गोंद टिकत नाही. पांढऱ्या पतंगी कागदाची 6 ते 8 मिलिमीटर रुंद पट्टी मागच्या बाजूने लावावी, घडीच्या दोन्हीकडे सारखी. कागदाचे तंतू घडीला समांतर असावेत. ओळखण्यासाठी कागदाचा तुकडा दोन्ही दिशांनी फाडून पाहावा : सरळ फाटतो ती तंतूंची दिशा. आडव्या तंतूंची पट्टी घडीवर ताठ राहते आणि सांधा पुन्हा फाडते. रंगीत पतंगी कागद नको, ओल्या गोंदाने त्याचा रंग उतरतो. दहा मिनिटांनी, गोंद ओलसर असतानाच, घडी एकदा-दोनदा हलवून घ्यावी म्हणजे पट्टीला वळण लागते. मोठ्या पुस्तकात दहा महिन्यांत अशा चार दुरुस्त्या झाल्या. तीन टिकल्या आहेत. चौथी, टेरोसॉरच्या डाव्या पंखाच्या मुळाशी केलेली, दोनदा सुटली. पंख टोकाला धरून ओढला की लांब दांड्यासारखा सगळा जोर मुळावर येतो, तिथे कोणताही गोंद अपुरा पडतो.

मजकुराबद्दल एक तक्रार मनापासून आहे. पानाचा आकार ठरलेला, त्यामुळे सगळे प्राणी एकाच मापाचे दिसतात. मॅमथ आणि टायटॅनोबोआ (एक नामशेष महासर्प) शेजारशेजारच्या पानांवर सारख्याच उंचीने उठले तर 'राक्षसी' या शब्दाला काही अर्थ उरत नाही. यावर सुतळीचा उपाय चांगला चालतो : केसाळ मॅमथची खांद्यापर्यंतची उंची सुमारे 3 मीटर, क्वेट्झलकोआटलस या टेरोसॉरच्या पंखांचा विस्तार सुमारे 10 मीटर, टायटॅनोबोआची लांबी सुमारे 13 मीटर. गाठी मारून गच्चीवर पसरावी. काळाचेही तसेच. हजार वर्षांना एक मिलिमीटर धरला तर टी-रेक्स 66 मीटर दूर जातो आणि रशियाच्या उत्तरेकडील रँगेल बेटावरचे शेवटचे मॅमथ फक्त 4 मिलिमीटरवर राहतात. पुस्तकात दोघे एकत्र असले की मुले त्यांना शेजारी समजतात, आणि एकदा तसे पक्के बसले की काढणे कठीण.

घेताना छपाईचे वर्ष पाहावे. स्पायनोसॉरस या डायनोसॉरचे वल्ह्यासारखे रुंद शेपूट 2020मध्ये जगापुढे आले. कच्छमधल्या वासुकी इंडिकस या महासर्पाचे वर्णन 2024मधले. जुन्या पुस्तकात हे सापडणार नाही, आणि कागदी यंत्रणा बदलून नवे शेपूट बसवणे कोणालाच परवडत नाही. भारतातले प्राणी तर नव्या पुस्तकांतही क्वचित. शिवालिक टेकड्यांतला, जिराफाच्या कुळातला शिवथेरियम 1836पासून ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आयसिसॉरस हा सॉरोपॉड (लांब मानेचा डायनोसॉर) 1997पासून. सॉरोपॉडच्या पानावर आयसिसॉरसची चार ओळींची मराठी चिठ्ठी नुसती सरकवून ठेवली (चिकटवली नाही, जाडी वाढते), तर सर्वांत जास्त प्रश्न त्याच पानावर आले. चंद्रपूर नकाशात दाखवता येते, हे मोठे बळ आहे.

चार वर्षांखालच्या मुलांना पुठ्ठ्याचेच द्यावे. मोठे पुस्तक पाचव्या वर्षापासून, आणि सातव्यापर्यंत कोणीतरी शेजारी बसून. तीन वर्षांखालच्यांपासून ते पूर्ण लांब ठेवावे, तुटलेला लहानसा कागदी दातही तोंडात जातो. पार्सल आल्या दिवशीच प्रत्येक जोडपान एकदा सावकाश उघडावे. जास्तीचा गोंद पसरून दोन थर एकमेकांना चिकटलेले असतील तर ते तेव्हाच दिसते आणि परतीची मुदत हातात असते. जुनी प्रत घेत असाल तर कोपऱ्यांतल्या पुस्तिका मोजाव्यात, आणि विक्रेत्याकडे मिटलेल्या पुस्तकाचा कडेने काढलेला फोटो मागावा. कुठे सुळा बाहेर आलेला असेल तर तो तिथे दिसेल.