‘कौन्सिलची परवानगी मी आणतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

इंग्लंडात घर घेतलेल्या आणि मागच्या अंगणात जुनं झाड असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. आमचा ओक तोडून देतो म्हणून एका माणसाने आमच्याकडून साडेपंधराशे पौंड नेले. त्यातले १८० ‘कौन्सिलची फी’ (कौन्सिल म्हणजे इथली पालिका) म्हणून. झाड तोडायच्या परवानगीला अशी फी मुळात नसतेच.

२०२२च्या जुलैत इथे पारा चाळिशीपार गेला होता, आठवत असेल. लंडनकडची चिकणमाती सुकली की आकसते आणि घरांना भेगा जातात. आमच्याही मागच्या भिंतीला बारीकशी भेग दिसू लागली होती. त्याच सुमारास स्वतःला ट्री सर्जन, म्हणजे झाडं छाटण्या-तोडण्यातला जाणकार, म्हणवणारा हा इसम दारात उभा. व्हॅनवर नाव, अंगात पिवळं जॅकेट, बोलणं एकदम अदबशीर. “ओकची मुळं पायाखाली गेलीत. उद्या विमा कंपनी हात वर करेल.” ओक पाणी भरपूर ओढतो, माती सुकवतो, हे खरंच आहे. म्हणून तर गळी उतरतं. पण एवढं मोठं झाड एकदम तोडलं तर तीच माती पाणी पिऊन फुगते आणि घराचा पाया उचलला जाऊ शकतो, हे त्याने सोयीस्करपणे गाळलं.

झाडाला कायद्याचं संरक्षण आहे, हेही त्यानेच सांगितलं. असं आपणहून सांगणाऱ्यावर कोण संशय घेईल? पुण्यात सोसायटीतलं झाड तोडायचं तर १९७५च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं, तेव्हा परवानगीचं आम्हाला नवल वाटलं नाही. इथे हे प्लॅनिंग खात्याकडे असतं. कौन्सिल एखाद्या झाडावर ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर काढतं. सगळे नुसतं टीपीओ म्हणतात. मग झाड तुमच्या मालकीच्या जागेत असो, लेखी संमतीशिवाय तोडणं, छाटणं, मुळं कापणं हा गुन्हा.

आठवड्याच्या आत साहेब पत्र घेऊन हजर. कौन्सिलचं बोधचिन्ह, अर्जाचा क्रमांक, सही, सगळं जिथल्या तिथे. शनिवारी सकाळी करवती सुरू झाल्या. सासूबाईंनी कामगारांना चहा आणि पोहेसुद्धा दिले. संध्याकाळपर्यंत झाड आडवं, आणि लाकूड त्यांच्याच गाडीत. ओकच्या सरपणाला इथे चांगला भाव येतो, म्हणजे त्याची दुहेरी कमाई.

सोमवारी कौन्सिलचे ट्री ऑफिसर दारात. शेजारच्या आजींनी फोटो पाठवले होते. (त्यांच्यावर आमचा मुळीच राग नाही.) पत्रावरचा क्रमांक खरा निघाला, पण दुसऱ्याच गल्लीतल्या सिकॅमोर नावाच्या झाडाच्या अर्जाचा. हे अर्ज कौन्सिलच्या वेबसाइटवर कोणालाही पाहता येतात. तिथूनच त्याने तो उचलला होता. म्हणजे कोणी असं पत्र दाखवलं तर तो क्रमांक तिथेच टाकून पाहायचा, पत्ता आणि झाड आपलंच आहे ना ते बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

ऑफिसर बोलता बोलता आणखी काही सांगून गेले. टीपीओच्या अर्जाला पैसे पडत नाहीत. निर्णयाला साधारण आठ आठवडे लागतात. घराच्या पायाचं कारण द्यायचं तर तज्ज्ञाचा लेखी अहवाल जोडावाच लागतो. आमच्याकडे कोणी साधी टेपही लावली नव्हती. आणि शनिवार का, तर त्या दिवशी कौन्सिलचा फोन कोणी उचलत नाही.

“आम्हाला माहीत नव्हतं” हा बचाव कोर्टात चालत नाही. मेडस्टोन कौन्सिलच्या खटल्यात १९८० सालीच तसा निकाल लागलेला आहे. तोडणारा अडकतो, तसा तोडून घेणाराही. झाड नष्ट केल्याच्या दंडाला वरची मर्यादा नाही. खोटं पत्र आणि त्याचे मेसेज जपून ठेवलेले होते म्हणून आमच्यावर खटला न भरता लेखी ताकीद मिळाली. नवा ओक मात्र त्याच जागी आम्हालाच लावावा लागला. तशी कायदेशीर जबाबदारी जमीनमालकाची असते, आणि झाड न लावता घर विकलं तर ती नव्या मालकाच्या गळ्यात पडते. घर घेणाऱ्यांनी हेही वकिलाला विचारावं.

त्याचा फोन बंद. पावतीवरच्या पत्त्यावर गाड्या धुण्याचं दुकान. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक तपासणाऱ्या खात्याकडे, तक्रार गेली आहे. बँकेतून दिलेल्या पैशांचा निदान माग आहे, रोख दिलेल्यांचा तोही नाही. दारात येऊन ठरवलेल्या ४२ पौंडांवरच्या कामाला सहसा १४ दिवसांत रद्द करायची मुभा असते आणि ती लेखी कळवणं काम घेणाऱ्या व्यावसायिकावर बंधनकारक असतं. तो कागद नसेल तर तिथेच थांबा.

कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे कौन्सिलने जतनासाठी ठरवलेल्या जुन्या वस्तीत, राहत असाल तर टीपीओ नसलेल्या झाडालाही सहा आठवडे आधी नोटीस द्यावी लागते. जमिनीपासून दीड मीटरवर खोड साडेसात सेंटिमीटरपेक्षा जाड असलं की बहुतेक वेळा हा नियम लागतो. आपलं झाड कशात बसतं ते कौन्सिलला थेट विचारा आणि अर्ज स्वतः करा. चांगल्या ट्री सर्जनची त्याला हरकत नसते.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत पुन्हा पत्रकं पडली. कंपनीचं नाव वेगळं, नंबर वेगळा, मजकूर शब्दशः तोच: ‘कौन्सिलची परवानगी आम्ही आणतो.’