तीन आठवडे की एक आठवडा? दोन रीतींच्या घरात शोककाळ पाळताना

मुलगा बेने इस्राएल म्हणजे कोकणातला ज्यू, सून अश्केनाझी म्हणजे मूळ युरोपातल्या ज्यूंपैकी. अशा घरात ज्यू पंचांगातल्या तम्मूझ महिन्याची १७ तारीख आली, जेरुसलेमच्या मंदिरासाठीचे शोकाचे तीन आठवडे सुरू झाले, की पहिला प्रश्न दाढीचा. सून म्हणते आजपासून बंद, सासूबाई म्हणतात एवढ्यात कशाला?

दोघीही बरोबर आहेत. जेरुसलेमचं पहिलं मंदिर इसवी सनपूर्व ५८६ मध्ये आणि दुसरं इसवी सन ७० मध्ये पडलं. त्याचं दुःख दोघींचं सारखंच आहे. हे आठवडे जिथे संपतात त्या आव महिन्याच्या ९ तारखेचा कडक उपास, चामड्याची चप्पल न घालणं, जमिनीवर बसून विलापगीत ऐकणं, यात काही फरक नाही. फरक आहे तो आधीच्या दिवसांत.

२०२६च्या तारखा घेऊ. अश्केनाझी घरात २ जुलैपासून केस कापणं, लग्न, गाणंबजावणं बंद. १ आव म्हणजे १५ जुलैला मटण, वाइन आणि कपडे धुणंही थांबतं. मटण-वाइनला शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, तेवढी सूट. सेफार्दी म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या रीतीत, जी बेने इस्राएलही साधारणपणे धरतात, केस आणि धुणं यांची बंदी फक्त उपासाच्या आठवड्यात, म्हणजे १८ जुलैची संध्याकाळ उलटल्यावर. मटण पुष्कळ जण २ आवपासून सोडतात. येमेनी ज्यूंची जुनी रीत तर उपासाआधीच्या शेवटच्या जेवणापुरतीच.

सोळाव्या शतकात आताच्या इस्राएलमधल्या साफेदच्या योसेफ कारोंनी सेफार्दी रीत ग्रंथात मांडली आणि पोलंडमधल्या क्राकोच्या मोशे इस्सर्लेस यांनी त्याच ग्रंथावर अश्केनाझी रीत नोंदवली. म्हणून जास्त दिवस पाळणारा जास्त धार्मिक, हे मला अजिबात पटत नाही. आपल्या आजी-आजोबांची रीत सैल होती असं मुलांच्या मनात बसू देऊ नका.

माझं मत विचाराल तर घराची एकच रीत धरा आणि ती रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारून ठरवा. इकडची सूट आणि तिकडची सूट अशी वेचणी नको. चूल एक आहे, तेव्हा मटण मात्र १ आवपासून सगळ्यांचंच बंद ठेवा. त्यात कुणाची रीत मोडत नाही. लग्नाचा हॉल १० आवनंतरचाच धरा. पुष्कळ सेफार्दीही तीन आठवडे लग्न टाळतात, आणि सुनेच्या माहेरच्यांना त्या दिवसांत नाचता-गाता येणार नाही.

एक गोष्ट मात्र कोणतीही रीत धरली तरी सोडू नका. कोकणात आपल्या लोकांनी ९ आवच्या दिवसाला बिरड्याचा सण म्हटलं. अश्केनाझी घरात उपासाआधी राखेत बुडवलेलं अंडं खातात, तेही ताटात असू द्या, पण शेजारी बिरडं हवंच. वाल आदल्या दिवशी भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरायचा. साल आपसूक सुटतं. सुनेला शेजारी बसवा आणि निम्मे वाल तिच्यापुढे ठेवा.