दूरचे दीर्घिकासमूह: चंद्रा की एक्सएमएम-न्यूटन?

दोन्ही अंतराळातल्या क्ष-किरण वेधशाळा, १९९९ सालच्याच. समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या जागेतला कोट्यवधी अंश तापलेला वायू दोघींनाही दिसतो, पण स्वभाव अगदी वेगळे.

शोधायचं असेल तर मी न्यूटनच निवडेन. तिच्यात तीन दुर्बिणी, प्रत्येकीत एकात एक बसवलेले ५८ आरसे. अंधुक समूहाकडून येणारे मोजके फोटॉन (प्रकाशकण) वेचायला एवढा पसारा लागतोच. शिवाय एका चित्रात पौर्णिमेच्या चंद्राएवढं आकाश मावतं. २००५ मध्ये तिच्या जुन्या, भलत्याच कामासाठी घेतलेल्या चित्रांत एक फिकट डाग सापडला. तो निघाला रेडशिफ्ट (विश्व प्रसरण पावताना प्रकाश कमी ऊर्जेकडे किती सरकला याचं माप) १.३९ वरचा समूह. प्रकाश सुमारे नऊ अब्ज वर्षं जुना!

पण तिची नजर धूसर. समूहाच्या पोटात एखादा क्वेसार (कृष्णविवरामुळे झगझगणारा दीर्घिकेचा गाभा) असला, तर त्याची चमक वायूच्या उजेडात मिसळते आणि तापमानाचा हिशेब चुकतो. चंद्रा वेधशाळेची नजर अर्ध्या आर्कसेकंदाची (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग), ती तो ठिपका अलगद बाजूला काढते. मात्र आरसे चारच जोड्या, त्यामुळे एकाच समूहाकडे तासन्‌तास टक लावून बसावं लागतं. त्यात तिच्या कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं साचलेल्या थरामुळे कमी ऊर्जेचे किरण अडतात, आणि दूरच्या समूहांचा उजेड नेमका तिकडेच सरकलेला असतो.