‘१०१०’ क्लॅरिनेटच्या नावाखाली १,४५० पौंडांची फसवणूक

इंग्लंडमध्ये खासगी विक्रेत्याकडून बूझी अँड हॉक्स कंपनीचे ‘१०१०’ या मॉडेलचे जुने क्लॅरिनेट घेण्याच्या विचारात असलेल्यांनी पैसे पाठवण्याआधी हे वाचावे. माझे १,४५० पौंड गेले आहेत: १,१८० ‘संपूर्ण दुरुस्त केलेल्या’ वाद्याचे आणि २७० त्यासोबतच्या ‘मूळ’ माउथपीसचे, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या भागाचे.

जॅक ब्रायमर यांच्यासारख्या वादकांनी ज्या वाद्यावर नाव कमावले, त्या १०१०चा बोअर (आतल्या पोकळीचा व्यास) सुमारे १५.२ ते १५.३ मिलिमीटर असतो. आजच्या सर्वसाधारण फ्रेंच क्लॅरिनेटचा १४.६ ते १४.७ च्या आसपास. शिवाय त्याच्या माउथपीसची आतली नळी एकसारख्या रुंदीची लागते. फ्रेंच पद्धतीचे निमुळते माउथपीस लावले, की थोडीच भोके बंद करून वाजणारे मधले स्वर चढतात आणि खालचा स्वर व अंगठ्याची कळ दाबल्यावर येणारा त्याचा बारावा स्वर यांचा मेळ बसत नाही. सरळ नळीचे जुने माउथपीस सहजासहजी मिळत नाही आणि लबाडीला नेमका तिथेच वाव मिळतो.

मला दिलेले माउथपीस हे साधे निमुळते एबोनाइटचे (कडक रबराचे) माउथपीस आतून कोरून रुंद केलेले होते. बॅटरीच्या प्रकाशात आत पाहिले, तर हत्याराचे गोल गोल ओरखडे स्पष्ट दिसतात आणि एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा पातळ झालेली दिसते. बाहेरचा शिक्का घासून काढून वर चकाकी आणली होती. वाद्याचे वरचे आणि खालचे अंगही एकमेकांचे नव्हते, कारण दोहोंवरचे अनुक्रमांक जुळत नाहीत. वरच्या अंगाला ट्रिलच्या (दोन स्वर झपाट्याने आलटून-पालटून वाजवण्याच्या) भोकांजवळ गेलेला तडा काळ्या गोंदाने भरून त्यावर मेण चोळले होते. नवे पॅड आणि नवा कॉर्क पाहून कोणीही फसेल. दोन्ही अंगांचे क्रमांक आधी पाहा.

ज्या क्षणाची आठवण मला आजही छळते, तो विक्रेत्याच्या घरातला आहे. मी त्या मधल्या स्वरांपैकी एक वाजवला आणि ट्यूनरचा, म्हणजे स्वर मोजणाऱ्या यंत्राचा, काटा उजवीकडे झुकला; स्वर चढलेला होता. मी काही बोलण्याआधीच त्याने वाद्य माझ्या हातातून घेतले, बॅरल (माउथपीसखालचा आखूड तुकडा) थोडे बाहेर ओढले, “खोली थंड आहे, जुने लाकूड तापायला वेळ लागतो,” असे म्हणत तोच स्वर पुन्हा वाजवून दाखवला आणि काटा मधोमध आला. बॅरल ओढले की हेच मधले स्वर सर्वांत जास्त उतरतात, हे मला ठाऊक होते. शिवाय थंड वाद्य चढत नाही, उतरते. त्याच वेळी खालचा स्वर आणि त्याचा बारावा स्वर लागोपाठ वाजवायला हवा होता. परंतु समोरचा माणूस बोअरची मापे अचूक सांगत होता, पॅडच्या खरेदीची बिले दाखवत होता, स्वतः उत्तम वाजवत होता. अशा माणसावर संशय घेणे कोणालाही जड गेले असते.

यानंतरचा मनस्ताप वेगळाच. मी रक्कम बँकेतून थेट पाठवली असल्याने बँकेने हा ‘दोन व्यक्तींमधील व्यवहाराचा वाद’ ठरवून हात वर केले. क्रेडिट कार्डाने भरले असते, आणि विक्रेता व्यावसायिक असता, तर १०० पौंडांवरच्या वस्तूसाठी १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या ७५ व्या कलमाचा आधार मिळाला असता. ‘कार्ड चालत नाही’ म्हणणाऱ्याकडून महागडे वाद्य घेऊ नये. पोलिसांकडे तक्रार केली, तेव्हा एक संदर्भ क्रमांक मिळाला आणि पुढे पुढील तपास होणार नसल्याचे पत्र आले. कोरलेल्या माउथपीसची छायाचित्रे कोणी उघडून तरी पाहिली असतील का, याची मला शंका आहे. दूरध्वनीवरच्या अधिकाऱ्याने तर “वाद्य वाजते ना?” असा प्रश्न केला. वाजते, पण ज्या नावाने विकले ते हे वाद्य नव्हे, एवढी साधी गोष्ट ज्यांना समजावून सांगावी लागते, त्यांच्याकडे माणसाने दाद मागायची तरी कशी?

आता मी एका जाणकार दुरुस्तीकाराकडून ८५ पौंड देऊन लेखी अहवाल घेतला आहे आणि १०,००० पौंडांपर्यंतचे दावे चालणाऱ्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयात अर्ज केला आहे. विक्री खासगी असल्याचे कारण विक्रेता पुढे करतो. परंतु खासगी विक्रीतही वस्तू वर्णनाप्रमाणेच असावी लागते. मूळ जाहिरात त्याने काढून टाकली आहे. मी तिची प्रत आधीच जपून ठेवली होती, म्हणूनच हा दावा उभा राहिला.