पॅसिव्ह वाक्यातला ॲडव्हर्ब: तिसऱ्या रूपाआधी की शेवटी?

देवगडच्या आंबा बागायतदारापासून तारकर्लीच्या होमस्टेवाल्यापर्यंत आता अनेकांना आपल्याबद्दल चार ओळी इंग्रजीत लिहाव्या लागतात. त्यांतल्या बऱ्याच ओळी पॅसिव्हमध्ये, म्हणजे कर्मणी प्रयोगात येतात, कारण आंबा कोणी भरला यापेक्षा तो कसा भरला, हे गिऱ्हाइकाला हवं असतं. ‘कसा’ म्हटलं की ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण आलं. मग ‘द मँगोज आर केअरफुली पॅक्ड’ लिहायचं की ‘द मँगोज आर पॅक्ड केअरफुली’?

व्याकरणाने दोन्ही बरोबर. तरी लिहिताना पहिली रचना धरावी आणि दुसरी मोजक्या जागी वापरावी, असं माझं ठाम मत आहे.

वाक्य लांबलं की याचं कारण दिसतं. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं आणि पायाचे दगड शिशात बसवले गेले. माहितीफलकावर ‘द फाउंडेशन स्टोन्स वेअर फर्मली सेट इन लेड’ लिहिलं, तर वाचणारा अडखळत नाही. ‘वेअर सेट इन लेड फर्मली’ लिहिलं, तर फर्मली मागे लोंबकळत राहतं. पॅसिव्ह वाक्याला ‘इन’, ‘बाय’, ‘विथ’ अशी शेपटं हमखास लागतात, म्हणून ॲडव्हर्ब क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाला (पॅक्ड, सेट) आधीच चिकटवलेला बरा. मराठीतही आपण ‘काळजीपूर्वक भरले जातात’ असंच म्हणतो, तेव्हा ही रचना आपल्या कानाला परकी नाही.

शाळेत ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करायला शिकवतात, पण ॲडव्हर्बला नवी जागा मिळू शकते हे बहुधा राहून जातं. ‘दे बिल्ट द बोट वेल’ या वाक्यात वेल शेवटीच हवं, ‘दे वेल बिल्ट द बोट’ चालत नाही. पॅसिव्हमध्ये मात्र ‘द बोट वॉज वेल बिल्ट’ अगदी सहज बसतं. नुकसान किती झालं हे सांगतानाही हीच जागा घ्यावी. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाबद्दल रायगडातल्या नारळी-पोफळीच्या बागांविषयी लिहायचं, तर ‘द ऑर्चर्ड्स वेअर बॅडली डॅमेज्ड’.

शेवटची जागा कधी? ‘कसं’ हाच निरोप असेल तेव्हा. पेटीवरच्या सूचनेत ‘दीज मँगोज शुड बी हँडल्ड जेंटली’ जास्त ठसतं, कारण आंबे हाताळले जाणार हे ठाऊकच आहे, नवीन आहे ते जेंटली. दुसरा प्रसंग अर्थ फाटण्याचा. ‘द नोट वॉज क्लिअरली रिटन बाय द मॅनेजर’ म्हणजे ‘चिठ्ठी मॅनेजरनेच लिहिली हे उघड आहे’ असाही अर्थ निघतो. दर स्पष्ट लिहिलेत एवढंच सांगायचं असेल, तर ‘द रेट्स आर रिटन क्लिअरली’ बरं. होमस्टेवाल्यांनी आणखी एक जपावं: ‘द रूम्स आर क्लीन्ड डेली’. डेली दिसायला इतरांसारखंच, पण ते ठरावीक वेळ सांगतं, म्हणून शेवटीच.

‘नेव्हर’ला निवडच नाही: ‘जंजिरा वॉज नेव्हर कॅप्चर्ड बाय द मराठाज’.

‘हॅव बीन’ आलं की गोंधळ वाढतो. ‘द मँगोज हॅव केअरफुली बीन वॉश्ड’ टाळा, ‘हॅव बीन केअरफुली वॉश्ड’ लिहा. रीत सांगणारा ॲडव्हर्ब तिसऱ्या रूपाजवळ राहतो, तर अलीकडे, नेहमी अशी मोघम वेळ सांगणारा पहिल्या सहायक क्रियापदानंतर (इथे हॅज) येतो: ‘द जेटी हॅज रिसेंटली बीन रिपेअर्ड’. दोन्ही एकाच वाक्यात आले, तर दोघांनाही आपापली जागा द्यावी: ‘द जेटी हॅज रिसेंटली बीन प्रॉपर्ली रिपेअर्ड’.