लॅपटॉपला यूएसबी डॅक जोडल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत घेतलेला यूएसबी डॅक (लॅपटॉपमधल्या डिजिटल आवाजाचे ॲम्प्लिफायरला चालणाऱ्या ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी छोटी पेटी) सोलापूरचा उन्हाळा सोसूनही रोज वापरात आहे, तेव्हा त्याविषयी आता लिहायला हरकत नाही. जोडणी साधी आहे: लॅपटॉपमधून यूएसबीने डॅक, तिथून आरसीए केबलने ॲम्प्लिफायर आणि पुढे दोन बुकशेल्फ स्पीकर. ऐकणे मुख्यतः शास्त्रीय गायनाचे, तेही सीडीवरून उतरवून घेतलेल्या फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या) फायलींचे.

पहिल्या दिवशी आवाज एकदम खुलल्यासारखा वाटतो, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. डॅकच्या लाइन आउटमधून साधारणपणे २ व्होल्टचा सिग्नल निघतो आणि लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून बहुधा त्याहून बराच कमी, त्यामुळे ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम न हलवताही आवाज मोठा येतो. आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. दोन्हींची पातळी सारखी करून ऐकल्यावर उरलेला फरक मर्यादित, पण खरा आहे. माउस हलवला की मागे ऐकू येणारी बारीक किरकिर गेली, आणि गायक श्वास घेतो त्या क्षणी तानपुरा स्वच्छ ऐकू येऊ लागला.

विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा (अशा डॅकसाठीच्या ठरलेल्या पद्धतीचा) ड्रायव्हर आलेला असल्याने वेगळे काही टाकावे लागले नाही. मात्र सीडीचा सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो दर) ४४.१ किलोहर्ट्झ असताना डॅकच्या पडद्यावर ४८ दिसत असे, कारण विंडोजचा मिक्सर सगळे आवाज एकाच ठरलेल्या दरावर आणून मग पुढे पाठवतो. प्लेअरमध्ये वासापीचा (विंडोजच्या ऑडिओ व्यवस्थेचा) एक्सक्लुझिव्ह मोड, म्हणजे मिक्सर टाळून डॅक एकट्या प्लेअरच्या ताब्यात देणारा पर्याय, निवडल्यावर आकडा ४४.१ झाला. त्याने आवाजात फरक पडला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ऐन विलंबितात मेसेजची टिंग वाजणे थांबले, आणि मला तेवढे पुरे आहे.

खरा त्रास झाला तो घरघरीचा. लॅपटॉपचा चार्जर थ्री-पिन, ॲम्प्लिफायरही थ्री-पिन; दोन्हींचे अर्थिंग यूएसबी आणि आरसीए केबलच्या वाटेने एकमेकांना मिळून ग्राउंड लूप, म्हणजे अशी घरघर आणणारे अर्थिंगचे बंद वर्तुळ, तयार झाला होता. चार्जर काढला की घरघर बंद, लावला की पुन्हा सुरू, इतके ते स्पष्ट होते. ओळखीच्या वायरमनने अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा तोडगा सुचवला. तो कोणीही करू नये, त्यात जिवाशी गाठ आहे. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यावर घरघर कमी झाली, आणि यूएसबी आयसोलेटर (लॅपटॉप आणि डॅक यांच्यातला थेट विद्युत संबंध तोडून फक्त डेटा पुढे जाऊ देणारे उपकरण) बसवल्यावर पूर्ण गेली. स्वस्त आयसोलेटर बहुधा सेकंदाला १२ मेगाबिट वेगाचेच असतात, त्यामुळे साधारण ९६ किलोहर्ट्झच्या पुढे जाता येत नाही. सीडीच्या फायलींना त्याची काहीच अडचण नाही. डॅकच्या खोक्यावर छापलेला ३८४ किलोहर्ट्झचा आकडा मला तसाही कधी लागला नाही.

डॅक यूएसबीवरच चालतो, म्हणून वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर हेडफोनने ऐकणे सुरू राहते. ॲम्प्लिफायर मात्र आमच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर टाकला की त्याचा ट्रान्सफॉर्मरच गुणगुणू लागतो, आणि त्यावर डॅककडे इलाज नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असताना डॅकची धातूची पेटी हाताला चांगलीच गरम लागे, म्हणून ती ॲम्प्लिफायरवरून उचलून शेजारच्या फळीवर ठेवली आहे.