स्पेक्ट्रोस्कोपीचा रंगीत नकाशा बघून घाबरू नका, आधी ग्राफ मागा

मामाला खानापूरहून घेऊन गेलो होतो. फिट आली म्हणून एमआरआय केला तर डाव्या बाजूला कवटीला अगदी चिकटून डाग दिसला, मग डॉक्टर म्हणाले गाठ आहे की दुसरं काय ते बघायला एमआर स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआयच्याच मशीनवर मेंदूतली रसायनं मोजायची तपासणी) करून आणा. सेंटर बेळगावातलंच, नाव घालत नाही, कारण अर्धं कौतुक आहे नि अर्धी तक्रार.

दहाची वेळ, साडेदहाला आत घेतलं. फॉर्म कन्नड नि इंग्लिशमध्ये, मराठी नाहीच, ते आपल्याला काय नवीन नाही म्हणा. टेक्निशियन पोरगा मात्र चांगला, "मामा आवाज लई होतोय, मान तेवढी हलवू नका" असं तीनदा सांगितलं.

रिपोर्टमधला नकाशा बघून मामीनं डोळ्याला पदरच लावला. सगळीकडं लालभडक, लिपिड (म्हणजे चरबी) नि लॅक्टेट, आजारी भागात वाढणारे पदार्थ, वाढलेत म्हणे. मी बायोमेडिकल शिकलोय म्हणून खटकलं, ते लाल डागापुरतं नव्हतंच, कवटीच्या कडेकडेनं कमानीसारखं गेलं होतं.

त्याचं असं आहे बघा, एनएए, कोलीन, क्रिएटिन या मेंदूतल्या रसायनांचा (यांनाच मेटाबोलाइट म्हणतात) सिग्नल पाण्याच्या साधारण १०,००० पट कमी, म्हणून नकाशातला एकेक चौकोन सेंटिमीटरभर मोठा घ्यावा लागतोय, आणि १६ बाय १६ ची जाळी म्हटली तरी २५६ वेळा मोजायचं, दर दीड सेकंदाला एक धरलं तरी सव्वासहा मिनिटांच्या वर जातात. एवढ्या थोडक्या मापांवरून चित्र उभं केलं की डोक्याच्या कातडीखालची चरबी शेजारच्या चौकोनांत झिरपते आणि ग्राफवर १.३ पीपीएमला (पीपीएम म्हणजे ग्राफच्या आडव्या पट्टीवरचं माप, एकेका रसायनाची जागा ठरलेली) जाड उंचवटा येतो, नेमका लॅक्टेटच्या जागी! वर सॉफ्टवेअर ते चौकोन घोटून गुळगुळीत करतंय, बघणाऱ्याला वाटतंय काय बारीक दिसतंय.

"अण्णा, एकेका चौकोनाचा ग्राफ दाखवा की" असं त्या टेक्निशियनला म्हटलं. आधी "रिपोर्ट झाला ओ" म्हणाला, पण मग कच्चा डेटा उघडून हॅमिंग फिल्टर (ही झिरप कमी करणारं गणित) लावून परत प्रोसेस केलं, मामाला पुन्हा मशीनमध्ये घालायची गरजच नाही पडली. कमान बरीच फिकी झाली. डागात मात्र ३.२ चा कोलीन (पेशी भराभर वाढतात तिथं चढतो) उंच आणि २.० चा एनएए (निरोगी चेतापेशींची खूण) खाली, तसाच राहिला. म्हणजे डाग खरा, बाकीचा लाल पसारा चरबीचा. फिल्टरनं चौकोन अजून ऐसपैस होतो हेही खरं, फुकट काय मिळत नाही. चरबी कवटीबाहेर आणि मेटाबोलाइट मेंदूत हे धरूनच गणित मांडणाऱ्या पद्धती आहेत, पण यांच्या कन्सोलवर तसलं काय नाही.

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बदलून दिला, जादा पैसे नाही घेतले. पण हे पहिल्यांदाच का नाही केलं ओ? मामी रात्रभर झोपली नाही.

तीन स्टार, त्यातले दोन त्या पोराचे. सीडीत नुसती चित्रं देतात, कच्चा डेटा पाहिजे तर पेनड्राइव्ह घेऊन जा. आणि गाडी लांब लावा, दारात जागा नाही.